ट्रकच्या इलेक्ट्रॉनिक ब्रेकची सिम्युलेशनवर टेस्टिंग शिकायची असेल तर सुरुवात हवेपासून करा

६० च्या स्पीडला ट्रक एका सेकंदात १६.७ मीटर जातो. ड्रायव्हरनं पेडल दाबलं आणि बूस्टरात, म्हणजे चाकाजवळच्या ब्रेक दाबणाऱ्या हवेच्या चेंबरमध्ये, हवा भरायला ०.६ सेकंद लागले तर तेवढ्यात १० मीटर गेलेच, म्हणजे जवळपास अख्ख्या ट्रकच्या लांबीएवढं, आणि अजून ब्रेक नीट पकडलेला पण नाही. हे १० मीटर डोक्यात ठेवा, खाली सगळीकडं तेच परत परत येणार आहेत.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी साईडची पोरं-पोरी विचारत असतात की दादा इंजिनीअरिंग झालं, पुण्यात ब्रेकच्या टेस्टिंगला जायचंय, एचआयएल (खरा कंट्रोलर टेबलावर ठेवून कॉम्प्युटरमधल्या ट्रकवर तपासणं) शिकायचंय, कुठला कोर्स लावू. कोर्स लावा की, त्याला ना नाही, पण बहुतेक जण पहिल्या दिवशी थ्रीडी ट्रक पळवायला बसतात, स्क्रीनवर ट्रक छान थांबतो आणि वाटतं जमलं. तो ट्रक का थांबला आणि तेवढ्याच अंतरात का थांबला हे विचारलं की गप्प. म्हणून मी ज्या क्रमानं शिकायला पाहिजे होतं असं आता वाटतं त्या क्रमानं लिहितोय. मराठी शाळा, मग कॉलेजात इंग्रजी आणि गॅरेजात कन्नड, असं तीन भाषांत शिकलेल्यांना समजेल अशा भाषेत.

पायरी १ : ट्रकखाली वाका

लॅपटॉप घरी ठेवा आणि एका सकाळी बेळगावच्या ऑटोनगरला नाहीतर हायवेवरच्या ओळखीच्या गॅरेजला जा. मिस्त्री मामांना सांगा शिकायला आलोय, हवा कुठनं कुठं जाते तेवढं दाखवा. खूश होऊन दाखवतात, माझा तरी तोच अनुभव आहे. कॉम्प्रेसर हवा भरतो, ती टाक्यांत साठते, पेडलखाली ड्युअल ब्रेक व्हॉल्व्ह असतोय, त्याचे पुढचं आणि मागचं असे दोन वेगळे सर्किट, मागच्या ॲक्सलजवळ रिले व्हॉल्व्ह, मग प्रत्येक चाकाला ब्रेक चेंबर ज्याला गॅरेजात सगळे बूस्टर म्हणतात. बूस्टरचा दांडा स्लॅक ॲडजस्टर ढकलतो, तो कॅम फिरवतो, कॅम लायनर ड्रमला दाबतो.

वहीत दोन गोष्टी नक्की लिहून घ्या, बूस्टरचा नंबर आणि स्लॅकची लांबी. ३० नंबरचा बूस्टर म्हणजे आतल्या डायफ्रामचा एरिया साधारण ३० चौरस इंच, म्हणजे १९३ चौरस सेंटीमीटर. ६ बार हवा आली की दांड्यावर सुमारे ११,६०० न्यूटन जोर, जवळपास १२०० किलोचं वजन टाकल्यासारखं. स्लॅक १५० मिलिमीटरचा असेल तर कॅमशाफ्टवर १७४० न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क. हा हिशोब तुम्ही ट्रकखाली बसून वहीवर केलाय हे पुढं मॉडेलमध्ये फार उपयोगी पडतंय, कारण मॉडेलनं चुकीचा आकडा दिला तर तुम्हाला लगेच खटकेल.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो, मागच्या चाकांचे बूस्टर बहुतेक दुहेरी असतात, त्यात पार्किंग ब्रेकची स्प्रिंग दाबून बसवलेली असते. त्या भागाचा क्लॅम्प कुणीही, कुठल्याही कारणानं, उत्सुकता म्हणून सुद्धा उघडू नका. ती स्प्रिंग सुटली तर माणूस जागेवर जातो. लॅबमध्ये बेंचवर असला बूस्टर दिसला तरी हाच नियम.

मग एबीएस बघा. मोठ्या ट्रक-बसला आपल्याकडं २०१५ पासून एबीएस सक्तीचं आहे त्यामुळं बऱ्यापैकी नवी गाडी मिळाली की झालं. हबवर दातेरी रिंग असते, साधारण १०० दात, तिच्यासमोर सेन्सर, आणि चाकाच्या जवळ एअर लाईनमध्ये मॉड्युलेटर व्हॉल्व्ह. चाक जाम व्हायला लागलं की कंट्रोलर त्या व्हॉल्व्हला सांगतो हवा अडव, हवा सोड, परत भर. एवढंच काम, फक्त फार पटापट.

ईबीएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ब्रेक, ही त्याच्या पुढची गोष्ट. त्यात पेडलखालीच सेन्सर असतो, ड्रायव्हरला किती ब्रेक पाहिजे हे वायरनं ॲक्सलवरच्या मॉड्युलेटरला कळतं आणि तो तिथल्या तिथं टाकीतली हवा बूस्टरात सोडतो. हवेनं निरोप पाठवायचा आणि हवेनंच काम करायचं यातलं निरोपाचं काम वायरकडं गेलं, म्हणून वेळ वाचतो. वीज गेली तर जुन्या पद्धतीची हवेची लाईन बॅकअपला असतेच. १९९६ साली आलेल्या मर्सिडीज ॲक्ट्रॉसमध्ये ही पद्धत होती, म्हणजे तिकडं हे काही कालपरवाचं नाही.

पायरी २ : आधी फक्त हवेचं मॉडेल

इथं सगळ्यात जास्त वेळ घाला. टायर नको, ट्रक नको, रस्ता नको. फक्त पेडल आणि बूस्टरातलं प्रेशर. पायथन चालेल, ऑक्टेव्ह चालेल, सायलॅब चालेल, सगळे फुकट आहेत. कॉलेजात मॅटलॅबचं लायसन्स असेल तर सिम्युलिंक घ्या, पण त्याच्यासाठी अडून बसू नका.

हवेला उशीर होतो तो दोन कारणांनी. पहिलं म्हणजे प्रेशरची खबर पाईपमधनं आवाजाच्या वेगानं जाते, १० मीटर पाईप असेल तर ०.०३ सेकंद. हे थोडकंच आहे. दुसरं आणि मोठं कारण म्हणजे बूस्टर भरायला लागतोय, आधी डायफ्राम सरकतो, लायनर ड्रमला टेकेपर्यंत जागा वाढतच जाते, आणि तेवढी हवा एका बारीक भोकातनं यायला वेळ लागतो. म्हणून तर रिले व्हॉल्व्ह मागच्या ॲक्सलजवळ बसवतात, की पेडलकडनं फक्त इशारा यावा आणि भरायची हवा जवळच्या टाकीतनं मिळावी. आणि स्लॅक ढिला असेल, लायनर झिजलेलं असेल तर दांड्याचा प्रवास वाढतो, हवा जास्त लागते, उशीर अजून वाढतो. मिस्त्री मामा ब्रेक सेटिंग करा करा म्हणतात त्याच्यामागं हे गणित आहे.

सुरुवातीला हे सगळं दोन आकड्यांत पकडता येतं, एक डेड टाईम, म्हणजे प्रेशर हलायलाच लागणारा वेळ, आणि एक टाईम कॉन्स्टंट, म्हणजे त्यानंतर ते किती पटकन वाढतं याचा आकडा. डेड टाईम ०.१ सेकंद आणि टाईम कॉन्स्टंट ०.२ सेकंद धरला तर प्रेशर शेवटच्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर कधी पोचेल? टाईम कॉन्स्टंटला १.३९ नं गुणा, ०.२८, त्यात ०.१ मिळवा, ०.३८ सेकंद. हे ७५ टक्के मी मनानं काढलेलं नाही. मोठ्या गाड्यांच्या ब्रेकचा युरोपात चालणारा जो यूएनचा नियम आहे, आर १३, त्यात लिहिलंय की पेडल ०.२ सेकंदात दाबलं तर सगळ्यात अडचणीच्या जागच्या बूस्टरात सुद्धा ७५ टक्के प्रेशर ०.६ सेकंदाच्या आत आलं पाहिजे. बघा, आपले १० मीटर इथनंच आलेत. भारतात यासाठी आयएस ११८५२ आहे, तोही काढून वाचा, पण आर १३ नेटवर फुकट मिळतो म्हणून नवख्यानं तिथनं सुरू करावं असं माझं मत.

ग्राफ काढा. वेळ आडवा, प्रेशर उभं. भरतानाचा आणि सोडतानाचा वेगवेगळा काढा, कारण सोडताना वेगळा वेळ लागतो आणि एबीएस सोडण्यावरच जगतं. भरण्याचा एकच आकडा दोन्हीकडं चिकटवलेला मी कित्येक मॉडेलमध्ये बघितलाय.

पायरी ३ : एक चाक

आता एक चाक घ्या, ट्रकचं एक चतुर्थांश वजन त्याच्यावर टाका. १८,५०० किलोचा भरलेला दोन ॲक्सलचा ट्रक धरला तर एका कोपऱ्याला ४६०० किलोच्या आसपास, खरं तर मागं जास्त येतंय पण शिकण्यापुरतं चालेल. चाकाची त्रिज्या ०.५ मीटर. समीकरणं दोनच आहेत : टायर-रस्त्याचा जोर ट्रकला मागं ओढतो, आणि चाकावर एकीकडं ब्रेकचा टॉर्क तर दुसरीकडं टायरच्या जोराचा टॉर्क यांची ओढाताण चालते, जो जिंकेल तसं चाक फिरतं किंवा थांबतं.

मधला दुवा म्हणजे स्लिप. ट्रक किती पळतोय आणि चाक किती फिरतंय यातला फरक, भागिले ट्रकचा वेग. शून्य म्हणजे चाक मोकळं, १०० टक्के म्हणजे चाक जाम आणि गाडी घसरतेय. टायरची पकड साधारण १० ते २० टक्के स्लिपच्या दरम्यान सगळ्यात जास्त असते, त्याच्यापुढं कमी होत जाते. याचा वक्र काढायला सगळे पासेकांचा मॅजिक फॉर्म्युला वापरतात, डेल्फ्टच्या हान्स पासेका यांच्या कामातनं आलेला. नाव मॅजिक असलं तरी तो मोजलेल्या आकड्यांना बसवलेला वक्रच आहे, त्यामुळं कारच्या टायरचे आकडे उचलून ट्रकला लावू नका, ट्रकच्या टायरची पकड कमी असते आणि वजन वाढलं की तेवढ्या पटीत वाढत नाही.

इथं प्रत्येक नवखा एकदा अडकतो तो म्हणजे वेग शून्याकडं आला की स्लिपच्या भागाकारात खाली शून्य येतं आणि मॉडेल फुटतं, ग्राफ वेडावाकडा नाचतो. खाली एक किमान वेग लावून टाका. त्यानं फार बिघडत नाही, कारण कमी वेगाला एबीएस तसंही बाजूला होतं आणि आर १३ सुद्धा १५ च्या खालच्या स्पीडला चाक जाम झालं तरी चालवून घेतो.

स्टेप टाईम, म्हणजे मॉडेल किती वेळानं परत हिशोब करतं तो आकडा, १ मिलिसेकंद ठेवा. १० मिलिसेकंदांवर चाक कधी जाम झालं हेच कळत नाही.

कोरड्या डांबरासाठी पकड (घर्षणाचा गुणांक) ०.८ धरून बघा, मग ०.३ नाहीतर अजून खाली. टेस्ट ट्रॅकवर निसरडा पट्टा करायला बसाल्टच्या फरश्या लावून त्यावर पाणी सोडतात. बसाल्ट म्हणजे आपल्याकडचाच काळा दगड, जुन्या वाड्याच्या पायरीवर पावसात पाय सरकलेला असेल तर कमी पकड म्हणजे काय हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पायरी ४ : साधं एबीएस स्वतः लिहा

कंपनीचं एबीएस लॉजिक कुणी दाखवत नाही, ते बरोबरच आहे. पण साधं लॉजिक स्वतः लिहिता येतं. स्लिप वाढली आणि चाकाचा वेग झपाट्यानं पडतोय, हवा सोडा. चाक सावरायला लागलं, धरून ठेवा. सावरलं, थोडी थोडी भरा. तीन अवस्था. मॉड्युलेटरमध्ये दोन सोलेनॉईड, म्हणजे विजेवर उघड-बंद होणारे व्हॉल्व्ह, असतात, त्यातनंच हे होतं.

आता पायरी २ मधला हवेचा उशीर शून्य करून चालवा. फार सुंदर चालेल, स्लिप एका जागी चिकटून राहील. मग उशीर परत लावा. लगेच दिसेल की चाक जाम होऊन गेल्यावर हवा सुटतेय आणि सावरून गेल्यावर भरतेय. कारच्या हायड्रॉलिक ब्रेकपेक्षा ट्रकचं एबीएस सावकाश का धडधडतं याचं उत्तर त्या दोन ग्राफमध्ये शेजारी शेजारी आहे. हे दोन ग्राफ इंटरव्ह्यूला घेऊन जा.

आणि खरा कंट्रोलर ट्रकचा वेग ओळखतो तरी कसा? त्याला तर फक्त चाकांचे वेग कळतात, त्यातनं तो ट्रकचा वेग अंदाजानं काढतो. तुमच्या मॉडेलमध्ये खरा वेग आयता मिळतोय, तो लॉजिकला देऊ नका. चाकांवरनंच काढायला लावा, तेव्हा कुठं अडचण समजते.

माझे २ आठवडे आणि ५ मीटर

माझ्या सुरुवातीच्या नोकरीतली गोष्ट. एका भरलेल्या ट्रकचं मॉडेल होतं, ६० वरनं थांबायला मॉडेल म्हणत होतं २३ मीटर आणि ट्रॅकवरनं आकडा आला २८. मी टायर धरला. पकड कमी कर, वक्र बदल, परत चालव, असे २ आठवडे गेले, २८ आणलं एकदाचं, आणि मग ३० च्या स्पीडची टेस्ट लावली तर ती जुळेना.

सिनिअर मॅडमनी एकच प्रश्न विचारला, एमएफडीडी किती आहे दोन्हीकडं. एमएफडीडी म्हणजे ब्रेक नीट पकडल्यानंतरचं सरासरी डिसेलरेशन, सुरुवातीच्या वेगाच्या ८० टक्क्यांपासून १० टक्क्यांपर्यंत मोजतात, म्हणजे ६० च्या टेस्टला ४८ ते ६ च्या दरम्यान. माझ्या मूळ मॉडेलमध्ये पण ते ६ मीटर प्रति सेकंद वर्ग होतं आणि ट्रॅकवर पण ६. म्हणजे पकड पहिल्यापासून बरोबरच होती. मग ५ मीटर कुठले? ५ भागिले १६.७, म्हणजे ०.३ सेकंद. हवेचा उशीर. पाईपचं मॉडेल कुणीतरी तात्पुरतं बंद करून ठेवलेलं आणि मी ते उघडून बघितलंच नव्हतं.

तेव्हापासून मी हे सगळ्यांना शिकवतो. मॉडेल आणि ट्रॅक जुळत नसेल तर दोन स्पीडला टेस्ट लावा. स्पीड निम्मा केल्यावर फरक पण निम्मा झाला, ५ चा अडीच, तर उशिरात चूक आहे. फरक चौथाई झाला, ५ चा सव्वा, तर पकडीत नाहीतर ब्रेकच्या जोरात चूक आहे. नियमातलं सूत्र पण असंच बांधलंय बघा : मोठ्या ट्रकला थांबायचं अंतर ०.१५ गुणिले वेग, अधिक वेगाचा वर्ग भागिले १३०, याच्या आत पाहिजे. ६० ला पहिला भाग ९ मीटर, दुसरा २७.७, एकूण ३६.७. पहिला भाग उशिराचा, दुसरा थांबण्याचा. आमचा ट्रक २८ मध्ये थांबत होता म्हणजे नियमात आरामात बसत होता, पण चुकीच्या उशिराच्या मॉडेलवर एबीएसची टेस्ट केली असती तर एबीएसबद्दलचे सगळे निष्कर्ष चुकले असते.

पायरी ५ : पूर्ण ट्रक, भरलेला आणि रिकामा

एका चाकावरनं चार चाकांवर या. ब्रेक मारला की वजन पुढं सरकतं. १८,५०० किलो, डिसेलरेशन ५, गुरुत्वमध्याची उंची दीड मीटर, व्हीलबेस ५ मीटर, तर मागनं पुढं सुमारे २७,७५० न्यूटन, म्हणजे जवळपास २.८ टन. रिकाम्या ट्रकचा मागचा भाग आधीच हलका, त्यामुळं तिथली चाकं आधी जाम होतात आणि गाडी मागनं फिरते. साखर कारखान्यात ऊस खाली करून रिकामा परत येणारा ट्रक पावसात आडवा झालेला तुम्ही पण बघितला असेल. जुन्या गाड्यांत यासाठी लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो, ईबीएस ते काम सॉफ्टवेअरनं करतं. म्हणून प्रत्येक टेस्ट भरलेली आणि रिकामी अशी दोन्ही लावायची, शॉर्टकट नाही.

ट्रेलर जोडला की प्रश्न येतो कोण कुणाला ढकलतंय. ट्रेलरचा ब्रेक उशिरा लागला तर तो पुढच्या ओढणाऱ्या ट्रकला मागनं ढकलतो, वळणावर तर कात्रीसारखी घडी पडते. शेतीच्या ट्रॅक्टरला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावून चालतात, त्यातल्या बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो, ते मॉडेलमध्ये टाकून बघा आणि घरी ट्रॅक्टर असेल तर वडिलांना, काकांना तो ग्राफ दाखवा. मला मनापासून वाटतं की हे काम शिकणाऱ्यानं एवढं तरी करावं.

टेस्टची यादी आर १३ च्या एबीएसच्या भागातनं घ्या. सगळ्यात महत्त्वाची स्प्लिट टेस्ट, म्हणजे एका बाजूची चाकं पकड असलेल्या रस्त्यावर आणि दुसऱ्या बाजूची निसरड्यावर, चांगल्या बाजूची पकड वाईट बाजूच्या निदान दुप्पट पाहिजे, ५० च्या स्पीडला पूर्ण पेडल, चाकं जाम व्हायला नकोत. दुसरी, एका पकडीवरनं दुसऱ्या पकडीवर उडी. चोर्ला घाटात पावसात रस्त्याची कड चिखलानं भरलेली असते, डावी चाकं चिखलात आणि उजवी डांबरावर, ही स्प्लिट टेस्टच झाली की.

घाटाचं मॉडेल पण एकदा करा. १८,५०० किलोचा ट्रक घाटात ५०० मीटर खाली उतरला तर सुमारे ९१ मेगाज्यूल ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते. ६० वरनं एकदा थांबायला २.६ मेगाज्यूलच्या आत लागते. म्हणजे एक घाट उतरणं ३५ वेळा थांबण्याएवढं. ६ टक्के उतारावर ४० च्या स्पीडनं उतरताना १२० किलोवॉट, ते सगळं ड्रमवर टाकलं तर लायनर तापून पकड सोडतं. वंटमुरी घाटात, तवंदीला जुने ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये एक्झॉस्ट ब्रेक लावून उतरतात ते यासाठी. नियमातली एक टेस्ट पण हीच आहे, ६ टक्के उतार, ३० चा स्पीड, ६ किलोमीटर, आणि त्यानंतर गरम ब्रेक किती पकडतो ते मोजायचं. तापमान नसलेलं मॉडेल घाटाबद्दल काहीच सांगू शकत नाही.

पायरी ६ : एमआयएल, एसआयएल, एचआयएल

आतापर्यंत जे केलं ते एमआयएल (मॉडेल इन द लूप), लॉजिकपण मॉडेल आणि ट्रकपण मॉडेल. लॉजिकच्या जागी कंट्रोलरचं खरं कोड कॉम्प्युटरवर चालवलं की एसआयएल (सॉफ्टवेअर इन द लूप). कंट्रोलरचा खरा डबा टेबलावर आणून त्याला वाटेल की मी ट्रकवर आहे असं केलं की एचआयएल (हार्डवेअर इन द लूप). ट्रकच्या मॉडेलसाठी कंपन्यांत ट्रकसिम, ट्रकमेकर, रिअल टाईम हार्डवेअरला डीस्पेस वगैरे दिसतील. घरी शिकायला प्रोजेक्ट क्रोनो आणि ओपनमोडेलिका फुकट आहेत.

एचआयएलला गेल्यावर पहिल्या आठवड्यात ज्याच्यावर सगळे अडतात ते सांगतो. डबा चालू केला की एबीएसचा दिवा पेटतो आणि विझत नाही. कारण डबा आधी वायरिंग तपासतो. व्हील सेन्सरच्या कॉईलला साधारण हजार-दीड हजार ओमचा रेझिस्टन्स असतो, तो नाही दिसला की डबा म्हणतो वायर तुटली. व्हॉल्व्हच्या जागी काहीच नाही लावलं तरी तेच. म्हणून एकतर खरे व्हॉल्व्ह लावा नाहीतर तेवढ्याच रेझिस्टन्सचे लोड. आणि जुना फॉल्ट काढल्यावर सुद्धा बऱ्याच सिस्टिममध्ये गाडी थोडी पळाल्याशिवाय दिवा जात नाही, तेव्हा मॉडेलमध्ये गाडी थोडी पळवा.

सेन्सरचा सिग्नल : १०० दात, ०.५ मीटर त्रिज्या, ६० चा स्पीड, तर सेकंदाला ५३० लाटा. आणि नुसती संख्या बरोबर असून भागत नाही, साध्या कॉईलच्या सेन्सरमध्ये वेग कमी झाला की लाटेची उंची पण कमी होते, ती पण मॉडेलनं कमी करायला पाहिजे.

नवखे एक चूक नेहमी करतात, चाकाचा वेग कॅनवर (गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरींच्या लाईनवर) पाठवतात आणि एबीएस काम का करत नाही म्हणून बसतात. एबीएस आपला वेग थेट सेन्सरच्या वायरवरनं घेतं. कॅनवर तो बाकीच्यांना सांगण्यापुरता, तो पण १०० मिलिसेकंदांनी एकदा. तेवढ्यात ६० च्या स्पीडचा ट्रक १.७ मीटर गेलेला असतो.

कॅन मात्र नीट शिका. ट्रकमध्ये कॅनवर 'जे-१९३९' (J1939) हे स्टँडर्ड चालतं, साधारण २५० किलोबिटचा वेग, प्रत्येक मेसेजला २९ बिटांचा ओळख नंबर. ब्रेकच्या कंट्रोलरचा मेसेज ६१४४१, चाकांच्या वेगाचा ६५२१५. त्यातला पुढच्या ॲक्सलच्या वेगाचा आकडा २५६ नं भागायचा, म्हणजे ६० साठी १५३६० दिसतं. ट्रेलरशी बोलणं वेगळ्या लाईनवर, आयएसओ ११९९२, १२५ किलोबिट. घरी लिनक्सवर व्हर्च्युअल कॅन करून हे मेसेज पाठवायची-वाचायची सवय करा, एक रुपया लागत नाही. आणि बेंचवर मेसेज दिसत नसतील तर सॉफ्टवेअर उघडायच्या आधी वीज बंद करून मीटर लावा, दोन्ही वायरींमध्ये ६० ओम पाहिजेत, १२० दिसले तर एका टोकाचा रेझिस्टर गायब आहे.

हवा मॉडेलची ठेवायची की खरी? जमत असेल तर खरे मॉड्युलेटर, खरे बूस्टर, खरी पाईपची लांबी टेबलावर आणा आणि प्रेशर सेन्सरनं मोजून तेवढंच मॉडेलला द्या. कारण परत तेच, उशीर. जागा आणि पैसे लागतात, पण पाईप गुंडाळून लहान केला तर मागच्या चाकाचा उशीर खोटा ठरतो, लांबी कापू नका. बेंचवर ८-१० बार हवा असते, चष्मा घाला, पाईप काढायच्या आधी टाकी रिकामी करा, दरवेळी.

पायरी ७ : मुद्दाम बिघडवा

सिम्युलेशनचा खरा फायदा इथं आहे. ट्रॅकवर माणूस बसलेला असताना चालत्या ट्रकची सेन्सर वायर कापता येत नाही, टेबलावर रोज शंभरदा कापता येते. वायर तोडा, बॅटरीला चिकटवा, बॉडीला चिकटवा, एका चाकाचा सिग्नल थोडा कमी करा जसा बेअरिंग ढिलं झाल्यावर रिंग आणि सेन्सरमधलं अंतर वाढून होतो, २४ व्होल्टचे १८ करा, कॅन मध्येच बंद करा. हे सगळं उभ्या गाडीत एकदा, चालत्या गाडीत एकदा, आणि एबीएस धडधडत असताना ऐन मध्ये एकदा. तिसरं सगळ्यात जास्त काही सांगून जातं. प्रत्येक वेळी बघायचं की दिवा किती मिलिसेकंदांत पेटला, त्या चाकाचं एबीएस सोडून साधा ब्रेक राहिला का, आणि ट्रक सरळ राहिला का. मोठ्या गाड्यांना आयएसओ २६२६२ हा सेफ्टीचा नियम २०१८ च्या आवृत्तीपासून लागू झाला, त्याच्यामुळं या कामाला माणसं लागतात.

टेस्ट लिहिताना "ब्रेक व्यवस्थित लागला पाहिजे" असं लिहू नका. वजन, वेग, पकड, टाकीतलं प्रेशर, पेडल किती सेकंदात किती टक्के, आणि पास कशाला म्हणायचं याचा आकडा, एवढं लिहा. खरे व्हॉल्व्ह असतील तर तीच टेस्ट १० वेळा चालवा, दरवेळी थोडा फरक येणार, तो किती येतो ते पण लिहा.

आणि मॉडेलवर कुणी विश्वास का ठेवावा? आर १३ मध्ये गाडी पलटी होण्यापासून सावरणाऱ्या स्टॅबिलिटी सिस्टिमसाठी सिम्युलेशनचे निकाल चालतात, पण आधी ते मॉडेल खऱ्या गाडीच्या मोजमापाशी जुळवून दाखवावं लागतं, त्यासाठी एकविसाव्या परिशिष्टात वेगळा भाग आहे. म्हणून गाड्या तपासणाऱ्या पुण्याच्या एआरएआयचं नाहीतर इंदूरजवळ पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या टेस्ट ट्रॅकचं काम बंद पडणार नाही. थोड्या टेस्ट ट्रॅकवर करायच्या, त्यांच्याशी मॉडेल जुळवायचं, मग हजारो टेस्ट मॉडेलवर.

अर्ज करायच्या आधी एका फोल्डरमध्ये एवढं तयार ठेवा : गॅरेजातली वही, बूस्टर भरण्या-सोडण्याचे दोन ग्राफ, उशिरासकट आणि उशिराशिवाय एबीएसचे दोन ग्राफ, ६० आणि ३० च्या स्पीडची तुलना, आणि एका वायर तुटण्याची नीट लिहिलेली टेस्ट. रोज दोन तास दिले तर तीन महिन्यांत होतंय. वहीची सुरुवात येत्या शनिवारी करा, सकाळी लवकर जा, दहानंतर गॅरेजात गर्दी होते आणि मामांना बोलायला वेळ नसतो.